डोंगर कुणाच्या नावावर?

पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं वर आहे. अन स्गूर हा डोंगर ३९३ मीटरचा. म्हणजे पुणेकर माणूस घरात सोफ्यावर चहा पीत बसलेला असतो, तेव्हाही तो या डोंगराच्या माथ्यापेक्षा दीडशे मीटर उंच असतो. (आपण उंचावर आहोत हे पुणेकरांना वेगळं सांगावं लागत नाही, ही गोष्ट निराळी.) सह्याद्रीत एवढ्याशा उंचवट्याला लोकांनी टेकाड म्हणून सोडून दिलं असतं. पण इथे पायथा म्हणजे थेट समुद्र. बोट जवळ येत जाते आणि एग बेटाच्या पाठीवर उभा असलेला तो काळा सुळका वाढतच राहतो. शंभर मीटरहून जास्त उंचीचा सरळ ताशीव कडा, आणि त्याच्या पायाशी जांभळट-तपकिरी उतार. तो जांभळा रंग हेदर नावाच्या झुडपाचा.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे रम, एग, मक आणि कॅना अशी चार बेटं आहेत. त्यांना मिळून ‘स्मॉल आयल्स’ म्हणतात. एग त्यांतलंच एक. लांबी नऊ किलोमीटर, रुंदी पाच, वस्ती शंभराच्या आसपास. ग्लासगोहून आगगाडीने मॅलेगला जायचं आणि तिथून बोट धरायची. वाटेत ग्लेनफिनन इथला एकवीस कमानींचा पूल लागतो. हॅरी पॉटरच्या सिनेमात तो दिसल्यापासून तिथे अर्धा डबा मोबाइल घेऊन खिडकीकडे धावतो. ग्लासगोला नोकरी करणारी माझी भाची बरोबर होती. ती जागची हलली नाही. मॅलेगला उतरता उतरता तिने एवढंच सांगितलं, “मावशी, रेनकोट बॅगेत तळाशी घालू नकोस हं. वरच ठेव.” स्कॉटलंडच्या हवेबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज पडत नाही.

पाहुण्यांना बेटावर गाडी नेता येत नाही. गाड्या आहेत त्या तिथे राहणाऱ्यांच्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा बघून आपल्याकडच्या एसटी डेपोच्या मागच्या अंगणाची आठवण यावी. धक्क्यावर एक दुकान आहे, चहा मिळण्याची जागा आहे, आणि तिथूनच चढ सुरू होतो. आधी झाडी, मग मेंढ्यांचं कुरण, मग गॅल्मिस्डेल नावाचं एकटं घर. घराच्या मागून बैलगाडी जाईल एवढा रस्ता डावीकडे वळतो. थोडं चाललं की उजव्या हाताला दगडांची छोटी रास दिसते. तिथे रस्ता सोडायचा आणि हेदरमध्ये शिरायचं.

हेदर लांबून गालिच्यासारखा दिसतो असं सगळे लिहितात. पायाखाली आला की तो गालिचा वगैरे काही नसतो. गुडघ्याएवढं, चिवट, काटकुळ्या फांद्यांचं ते झुडूप आहे; पाय अडकतो, बुटाची नाडी सुटते. एक डहाळी बोटात धरून पाहिली. पानं कसली, खवलेच: दोन-तीन मिलिमीटरचे, समोरासमोर जोडीने, चार ओळींत एकमेकांवर बसवलेले. वाऱ्याने पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने पान एवढं आखडून घेतलंय. फुलाचं तर आणखी गंमतशीर. ज्यांना आपण पाकळ्या समजतो, ती बाहेरची निदलं. त्यांनाच रंग आहे, आणि खऱ्या पाकळ्या त्यांच्या आत लपलेल्या, आखूड. निदलं गळत नाहीत, जागच्या जागी वाळतात. म्हणून ऑगस्टमधला जांभळा डोंगर डिसेंबरात विटक्या तपकिरी रंगाचा होतो, पण उघडा पडत नाही.

शिवाय ‘हेदर’ हे एकच झाड नव्हे. उतारावर तीन नातलग शेजारी शेजारी राहतात आणि जमीन बघून जागा वाटून घेतात. कोरड्या, दगडाळ जागी गडद जांभळ्या घंटांचा एक. तो जुलैतच फुलतो. पाणथळ जागी फिक्या गुलाबी गुच्छांचा दुसरा. आणि उरलेल्या सगळ्या डोंगरावर तिसरा, खरा हेदर, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातला कॅलुना वल्गॅरिस. तो सगळ्यांत उशिरा, ऑगस्ट-सप्टेंबरात. त्यामुळे नुसत्या फुलांच्या रंगावरून पुढचं पाऊल कोरड्यात पडेल की चिखलात, हे कळतं. हे शिकायला मला एक ओला मोजा पुरला.

चिखल म्हणजे पीट. सतत ओल असल्यामुळे मेलेली झाडं कुजत नाहीत, थरावर थर साचत जातात, आणि त्यांची काळी मऊ दलदल होते. याच पीटच्या विटा कापून, वाळवून बेटावरच्या चुली पिढ्यान् पिढ्या पेटल्या. या दलदलीच्या कडेला वाकून पाहिलं तर एक ओळखीचा चेहरा भेटतो: ड्रॉसेरा, आपल्या कास पठारावरचा दवबिंदू. जात वेगळी, पण धंदा तोच. जमिनीत नत्र नाही, म्हणून चिकट केसांनी किडे धरून खायचे. किड्यांची कमतरता नाही. मिज नावाची चिलटाहून लहान माशी इथे झुंडीने चावते. वारा पडला की ती येते, जरा वारा सुटला की जाते. उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या डोंगरावर माणूस वाऱ्याची वाट का बघतो, हे पहिल्या दहा मिनिटांत समजतं.

जुन्या लोकांचं हेदरशिवाय चालत नसे. घरं शाकारायला हेदर, दोर वळायला हेदर, अंथरुणाखाली हेदर, केरसुणी हेदरची, लोकर पिवळी रंगवायला हेदर. हेदरचा मध तर इतका दाट की पोळं उलटं धरलं तरी ओघळत नाही. ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा थिजतो. म्हणून तिकडे हा मध काढायला पोळी दाबावी लागतात.

आणि तरीही हेदरचा उतार म्हणजे निसर्गाने आपणहून मांडलेला देखावा आहे, असं समजू नये. बऱ्याच ठिकाणी इथे पूर्वी झाडं होती. ती तोडली गेली, गुरं-मेंढ्यांनी रोपं वर येऊ दिली नाहीत, माळ जाळले गेले, आणि झाडांची जागा हेदरने घेतली. पोस्टरवरचं ‘रानटी, निर्मनुष्य स्कॉटलंड’ हे हजारो वर्षांच्या माणसाच्या हातचं काम आहे. त्यातला ‘निर्मनुष्य’ हा भाग तर अलीकडचा, दोनशे वर्षांतला. त्याकडे येतेच.

*

वाट कड्याच्या उत्तर अंगाने, त्याच्या सावलीतून जाते. इथे मान वर करून दगड पाहावा. काळा, काचेसारखा चकाकणारा, आणि उभ्या-आडव्या खांबांनी रचलेला. हा पिचस्टोन, ब्रिटनमधला त्याचा सर्वांत मोठा उघडा कडा हाच मानला जातो. त्याच्या खाली, बेटाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या उतारात मात्र सह्याद्रीच्या माणसाला घरचा दगड भेटतो: बसाल्ट. आपला दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथला सहा कोटींच्या आसपासचा. अटलांटिक महासागर उघडत होता त्या वेळच्या ज्वालामुखींनी ओतलेला.

स्गूरची गोष्ट त्यानंतरची, सुमारे ५.८ कोटी वर्षांपूर्वीची. बसाल्टच्या पठारातून एक नदी वाहत होती. तिने दरी कोरली, गोटे आणून टाकले, काठची झाडं वाहून आणली. मग एका उद्रेकात ती दरी तप्त खडकाने काठोकाठ भरली. आधी तो लाव्हाच मानला गेला. अलीकडचा अभ्यास सांगतो की ती जळत्या राखेची लाट असावी, इतकी गरम की स्थिरावताना पुन्हा वितळून एकजीव झाली. हा भराव थंड होऊन इतका कठीण झाला, की पुढच्या कोट्यवधी वर्षांत पाऊस, बर्फ आणि वाऱ्याने दोन्ही बाजूंचे दरीचे काठ झिजवून नेले आणि दरीतला भराव तेवढा उभा राहिला. म्हणजे आज आपण जो सुळका चढतो, तो एका दरीचा साचा आहे. कड्याच्या बुडाशी त्या जुन्या नदीचे गोटे अजून दिसतात, आणि त्यांच्यात पाइनचं अश्मीभूत लाकूड सापडलं. त्या झाडाला शास्त्रज्ञांनी बेटाचंच नाव दिलं, पायनाइट्स एगेन्सिस.

हे लाकूड शोधत इथे १८४४ साली ह्यू मिलर आला होता. मूळचा पाथरवट, पुढे भूशास्त्रज्ञ आणि संपादक. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर त्याला प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं मिळाली. मला मात्र तो ज्या बोटीने आला तिचं अप्रूप वाटतं. ‘बेट्सी’ नावाची ती छोटी बोट म्हणजे स्मॉल आयल्सच्या धर्मगुरूचं राहतं घर होतं. १८४३ मध्ये स्कॉटिश चर्चमध्ये फूट पडली. हा धर्मगुरू फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेला, आणि बेटाच्या मालकाने त्याला घरासाठी जागा द्यायला नकार दिला. सगळं बेट एकाच्या मालकीचं. तो नाही म्हणाला की विषय संपला. त्यामुळे गावचा धर्मगुरू समुद्रावर राहायचा आणि प्रवचनापुरता जमिनीवर यायचा.

*

शेवटचा टप्पा घळीतून वर आणि मग कण्यावरून पूर्वेकडे. कण्यावर खांबांची डोकी उघडी पडली आहेत, पंचकोनी, षट्कोनी, फरशी घातल्यासारखी. मध्येच पाण्याची डबकी. माथ्याच्या पश्चिमेकडून, म्हणजे जिथून वर येता येतं तिथूनच, एक ढासळलेली दगडी भिंत आडवी गेली आहे. लोहयुगातल्या किल्ल्याची तटबंदी. बाकी तिन्ही बाजूंना कडेच असल्यामुळे एक भिंत बांधली की काम झालं. हे गणित आपल्याला नवं नाही. शिवाजी महाराजांच्या मावळ्याला इथे आणून सोडलं असतं, तर त्याने काही न विचारता पहाऱ्याची जागा बरोबर ओळखली असती.

वरून काय दिसतं त्याची यादी मोठी आहे: उत्तरेला स्काय बेटावरचे कुलिन डोंगर, दक्षिणेला चपटं मक बेट, पूर्वेला मुख्य भूमीच्या रांगा, हवा अगदी स्वच्छ असली तर त्यांत बेन नेव्हिस. आम्हाला अर्धी यादी मिळाली, बाकी ढगात. वायव्येला मात्र रम बेट समोर उभं ठाकलेलं होतं, एगपेक्षा कितीतरी मोठं आणि उग्र. त्याच्या डोंगरमाथ्यांवरच्या बिळांत मँक्स शीअरवॉटर हे समुद्रपक्षी लाखांच्या संख्येने घरटी करतात आणि रात्री अंधारात ओरडत परततात. तिथल्या एका शिखराचं नावच ट्रॉलव्हाल आहे. जमिनीतून येणारा तो आवाज नॉर्स लोकांनी राक्षसांचा मानला, असं सांगतात.

त्या रम बेटावरची माणसं १८२६ ते १८२८ च्या दरम्यान जहाजांत भरून कॅनडाला पाठवली गेली, मेंढ्यांना जागा हवी म्हणून. शतकाच्या शेवटी बुलो नावाच्या कुटुंबाने ते बेट शिकारीसाठी घेतलं. अ‍ॅक्रिंग्टनला कापड गिरण्यांची यंत्रं बनवून त्यांनी पैसा केला होता. त्यांनी तिथे लाल दगडाचा किल्लेवजा वाडा बांधला. तो आजही आहे. माणसं परत आली नाहीत.

इथे मला त्या शांततेबद्दल बोलायचं आहे, जिच्यासाठी लोक अशा डोंगरांवर येतात. वर बसल्यावर खरंच काही ऐकू येत नाही. वारा, एखादा पक्षी, लांबून मेंढी. भाची म्हणाली, “किती छान ना, मावशी, कुणीच नाही.” मग कड्याच्या दक्षिण अंगाला खाली बघून तीच म्हणाली, “ती घरं आहेत का?”

ती ग्रुलिनची घरं. वरचं ग्रुलिन आणि खालचं ग्रुलिन. समुद्राकडे उतरत गेलेल्या हिरव्या तुकड्यावर दगडी भिंतींचे चौकोन, त्यांना छप्पर नाही. १८५३ साली ही जमीन मेंढपाळीसाठी भाड्याने द्यायची ठरली आणि चौदा कुटुंबांना घरं सोडावी लागली. एक कुटुंब राहिलं, बाकी बहुतेक नोव्हा स्कोशियाला गेली. आम्ही परतताना खाली उतरून तिथे गेलो. भिंती कंबरेएवढ्या, दगड न घासता नुसते बसवलेले, कोपरे गोलाकार, वाऱ्याला धार मिळू नये म्हणून. दाराची जागा ओळखू येते. आत खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल माजली आहे. जिथे माणसांची आणि गुरांची वस्ती होऊन गेली, तिथली माती सकस राहते आणि हे झुडूप तिथे हमखास उगवतं. आजूबाजूच्या हेदरमध्ये वस्तीचा तुकडा अजूनही रंगाने वेगळा दिसतो. डोंगरावरच्या ज्या शांततेचे आपण फोटो काढतो, ती या लोकांना घालवून मिळालेली आहे. मला ती तेवढी गोड वाटेना.

*

एगचे मालक हा एक स्वतंत्र कादंबरीचा विषय आहे. शतकानुशतकं बेट क्लॅनरॅनल्ड मॅकडोनल्ड घराण्याचं. त्या काळातही सगळं सुखाचं होतं असं नाही. १५७७ च्या सुमाराला स्कायच्या मॅक्लाउडांनी हल्ला केला, तेव्हा बेटवासी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गुहेत लपले. बर्फातल्या पावलांनी त्यांचा माग लागला. हल्लेखोरांनी गुहेच्या अरुंद तोंडाशी आग लावली, आणि परंपरा सांगते की ३९५ माणसं आत घुसमटून मेली. सर वॉल्टर स्कॉट १८१४ मध्ये तिथे गेला, तोवर हाडं तशीच पडून होती. त्याने एक कवटी सोबत नेली.

एकोणिसाव्या शतकात क्लॅनरॅनल्डांनी बेट विकलं आणि तेव्हापासून ते हातोहात फिरलं. आधी अ‍ॅबर्डीनच्या एका प्राध्यापकाचं घराणं, पुढे जहाजवाले, १९२५ पासून रन्सिमन कुटुंब, ज्यातले स्टीव्हन रन्सिमन क्रूसेडच्या इतिहासासाठी प्रसिद्ध. जुनी माणसं रन्सिमनांचा काळ चांगला मानतात. मालक चांगला निघाला तर काळ चांगला, एवढंच लोकांच्या हातात होतं. १९७५ मध्ये कीथ शेलेनबर्ग यांनी बेट घेतलं. हे हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरलेले व्यावसायिक. त्यांचं आणि रहिवाशांचं पुढे फार बिनसलं. भाडेकराराची शाश्वती नाही, म्हणून घर दुरुस्त करायची सोय नाही, म्हणून तरुण टिकत नाहीत, हे दुखणं होतं. १९९४ च्या जानेवारीत मालकांची १९२७ सालची रोल्स-रॉइस एका रात्री शेडमध्ये जळून गेली. कुणी जाळली ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही, आणि बेटावर तो प्रश्न कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी बेट मारुमा या नावाने वावरणाऱ्या एका जर्मन चित्रकाराने घेतलं. तोही फार टिकला नाही.

मग रहिवाशांनी ठरवलं की पुढचं गिऱ्हाईक आपणच. वस्ती तेव्हा पासष्टच्या आसपास. किंमत पंधरा लाख पौंड. हजारो अनोळखी लोकांनी छोट्या-छोट्या रकमा पाठवल्या आणि नाव न सांगणाऱ्या एका बाईने त्यातला मोठा हिस्सा दिला. सरकारी लॉटरी निधीने हात आखडता घेतला होता, हेही नोंदवून ठेवायला हवं. १२ जून १९९७ रोजी बेट ट्रस्टच्या नावावर झालं. ट्रस्टमध्ये रहिवाशांची संघटना, हायलँड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर गावाचं नाव चढलं.

डोंगरावरून उतरताना या बदलाची खूण समोरच दिसते: स्गूरच्या पायथ्याला चार छोट्या पवनचक्क्या. बेटाला मुख्य भूमीवरून वीजवाहिनी कधीच आली नव्हती. घरोघरी डिझेलची जनरेटरं धडधडत. १ फेब्रुवारी २००८ पासून बेटाची स्वतःची वीज आहे. ओढ्यांवरची जलविद्युत, वारा आणि सौर पॅनेलं, सोबत बॅटऱ्या, आणि अगदीच नड पडली तर डिझेल. बहुतांश वीज ऊन, वारा, पाण्याची. नियम एकच आणि तो सगळ्यांना सारखा: घराला एका वेळी पाच किलोवॅट, दुकान-व्यवसायाला दहा. किटली, वॉशिंग मशीन आणि ओव्हन एकदम लावलं की घर अंधारात. महाराष्ट्रात भारनियमन भोगलेल्या माणसाला यात वावगं काही वाटणार नाही. फरक असा की इथे भार कुणी किती घ्यायचा ते वापरणाऱ्यांनीच बसून ठरवलं.

एगचं उदाहरण पुढे गिगा बेटाने गिरवलं, २००२ मध्ये. २००३ च्या स्कॉटिश भूसुधारणा कायद्याने ग्रामीण समाजाला जमीन विकत घेण्याचा अग्रहक्क दिला आणि त्याच कायद्याने कुणालाही, जबाबदारीने वागून, जवळपास कुठल्याही डोंगरावर चालण्याचा हक्क दिला. आम्ही हेदरमधून बिनधास्त गेलो ते याच जोरावर. एवढं होऊनही स्कॉटलंडमधली निम्मी खासगी ग्रामीण जमीन साडेचारशेपेक्षा कमी मालकांकडे असल्याचा हिशेब २०१३ च्या सुमाराला मांडला गेला होता. म्हणजे एग अपवाद आहे, नियम झालेला नाही.

अपवादातही स्वर्ग नाही. घरं कमी आहेत. समुद्र खवळला की बोट येत नाही. एकाच माणसाला चार-चार कामं करावी लागतात. पण पासष्टची वस्ती शंभरावर गेली आणि शाळा टिकली. बेटं रिकामी होण्याच्या काळात हे थोडं नाही.

कुणाला जायचंच असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरावा, तेव्हा तिन्ही हेदर एकदम सापडण्याची शक्यता जास्त. पावसाळी बूट, मिजसाठी जाळी आणि गोचिडांसाठी चिमटा हवाच. हेदरमधून चालून आल्यावर पोटऱ्या तपासाव्यात. बोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघावं. आणि माथा झाला की फोटो काढून थेट धक्क्याकडे पळू नये. दगडांच्या राशीपाशी परत येऊन रस्त्याने आणखी पुढे चाललं, तर ग्रुलिन फार लांब नाही. तिथे गेल्याशिवाय अन स्गूर पाहिला असं मी तरी म्हणणार नाही.